सोनोमात चार दिवस मालकिणीचे

ज्या देशात रस्त्यानं एकटं माणूस पायी जाताना दिसलं की लोक गाडी हळू करून "सगळं ठीक आहे ना?" विचारतात, त्या देशात चालण्याचं पॅकेज विकत मिळतं. चार दिवस, तीन रात्री, सोबत गाईड, सामान व्हॅनमधून पुढे. आपण फक्त पाय आणायचे. माझी आई शाळेसाठी रोज पाच किलोमीटर चालायची आणि दप्तरही स्वतःच उचलायची. तिला कुणी माहितीपत्रक दिलं नव्हतं, त्यामुळे आपण हॉलिडेवर आहोत हे बिचारीला कळलंच नाही.

आमच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'इटली, विमानाशिवाय'. कॅलिफोर्नियात सोनोमाच्या टेकड्यांवर फार पूर्वी इटलीतून आलेल्या लोकांनी द्राक्षं लावली. त्यांच्या पतवंडांनी आता तिथे सायप्रसची झाडं, दगडी कमानी आणि ऑलिव्हच्या तेलाच्या छोट्या बाटल्या लावल्यात. या मळ्यातून त्या मळ्यात पायी जायचं, वाटेत वाईन चाखायची, इटालियन जेवायचं आणि परत जाऊन ऑफिसात सांगायचं की आपण मातीशी जोडले गेलो.

मी अशा जागी काय करत होते? रास्त प्रश्न आहे. मी ओकलंडच्या एका कामगार संघटनेसाठी पत्रकं लिहिते. उन्हात काम करणाऱ्यांना सावली द्या, पाणी द्या, जात विचारू नका, हा माझा व्यवसाय. राहते फ्रीमाँटला, शकुमावशीच्या टाउनहाउसमध्ये वरच्या खोलीत. आणि ही सहल शकुमावशीला भेट मिळाली होती.

भेटीची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मावशी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. वॉर्डातल्या पॉटलकला, म्हणजे डबापार्टीला, कुणी द्राक्षं आणली की ती घड देठाला धरून उचलायची, उजेडात फिरवायची आणि निकाल द्यायची. "याला शेवटपर्यंत पाणी दिलंय." "हा चार दिवस आधीच तोडलाय." "याच्यावर भुरी येऊन गेलीय, बघ डाग." बरोबरच्या नर्सेस थक्क व्हायच्या. तुला हे कसं कळतं? मावशी सांगायची, लहानपण द्राक्षबागेत गेलं. खरंच गेलं. नवव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, निफाड तालुक्यात, दुसऱ्याच्या बागेत, मजुरीनं. पण एवढी द्राक्षं कळणारी बाई म्हणजे मालकीणच असणार, राबणाऱ्याला कशाला काय कळतंय, असा साधासरळ सुशिक्षित निष्कर्ष त्या सगळ्या प्रेमळ बायकांनी काढला. निवृत्तीच्या दिवशी केक कापला आणि पाकीट हातात दिलं. सहलीच्या फॉर्मवर 'पाहुण्यांविषयी काही खास' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं, भारतातल्या द्राक्षबागांच्या घराण्यातल्या.

पॅकेज दोघांचं होतं. काका म्हणाले, मी येत नाही. काका दर रविवारी विहारात सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतात. मद्याला हात लावणार नाही, हे त्यातलं पाचवं. पाचव्या शीलाच्या शत्रूच्या घरी चार दिवस मुक्कामाला जायचं, हे त्यांना झेपेना. म्हणून मी.

"मी पिणार नाहीये," मावशी गाडीत म्हणाली. "मी बघणार आहे. चालणार आहे. आणि तू एक करायचं."

"काय?"

"तोंड बंद ठेवायचं. बागेचं कुणाला काही सांगायचं नाही. चार दिवस."

मी गाडी जवळजवळ दुसऱ्या लेनमध्ये घातली. "मावशी, म्हणजे तू खोटं सांगणार? तुला लाज वाटते का मजुरीची?"

"लाज कसली? मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही, यांनी परस्पर ठरवलं. मग आता चार दिवस मला मालकीण होऊन बघू दे की. सिझनभर कसं वाटतं ते नाही, चार दिवस कसं वाटतं ते."

"हे तत्त्वात बसत नाही."

"तत्त्व तुझं आहे, भेट माझी आहे. शब्द दे."

मी शब्द दिला. माझ्या सार्वजनिक आयुष्यातली ही पहिली तडजोड. 

पहिला दिवस: ओळखपरेड

आमची गाईड जीना. तिशीची, पायांचे स्नायू असे की मला माझ्या पायांची माफी मागावीशी वाटली. तिची पणजी इटलीहून आली हे तिनं पहिल्या दहा मिनिटांत तीनदा सांगितलं. या देशात पणजी बोटीतून आली असली तर तो वारसा. मागच्या वर्षी कुणी चालत आलं असलं तर तो प्रश्न.

आम्ही अकरा जण होतो. त्यातले सात गोरे निवृत्त लोक, ज्यांची नावं मी चार दिवसांत शिकले आणि पाचव्या दिवशी विसरले. उरलेले चार मराठी. आम्ही दोघी, आणि मेधाकाकू व सुहासकाका, मूळचे पुण्याचे, आता ओहायोतल्या डब्लिनचे. काकूंनी आमचं बोलणं ऐकलं आणि दोन्ही वॉकिंग पोल टाकून धावत आल्या.

"अय्या, मराठी! कुठल्या तुम्ही? आडनाव?"

"जाधव. निफाडकडची."

"म्हणजे ज्यांच्या बागा आहेत म्हणून जीना सांगत होती त्या तुम्हीच! मग काय बाई, बागाईतदार. आमच्या कम्युनिटीत एक जाधव आहेत, पाटील घराणं, मोठा वाडा आहे म्हणे गावाकडे. तुमच्या नात्यातले का?"

"नसतील," मावशी गोड हसली.

सोळा तास उडून यायचं, तीस वर्षं राहायचं, सिटिझन व्हायचं, मुलांची लग्नं गोऱ्यांशी लावायची, आणि दुसरा मराठी माणूस दिसला की दीड मिनिटात आडनाव सोलून आत काय आहे ते बघायचं. फरक पडलाय, नाही असं नाही. पूर्वी हे चपला घालून विचारायचे, आता ट्रेकिंगचे बूट घालून विचारतात. जाधव हे आडनाव मात्र सोयीचं आहे. ऐकणाऱ्याला हवं ते त्यात सापडतं. मी तोंड उघडलं. मावशीच्या वॉकिंग पोलचं टोक माझ्या बुटावर आलं. मी तोंड मिटलं.

चार मैल चालून पहिल्या मळ्यात पोचलो. सावलीत टेबल, त्यावर ग्लासांची रांग, मध्ये उरलेली वाईन ओतायला चिनीमातीची एक देखणी बादली. जीनानं सगळ्यांना लाल वाईन ओतली आणि सगळे मावशीकडे बघायला लागले. भारतातलं द्राक्षघराणं काय म्हणतंय?

पंचशील घेतलेली बाई अशा वेळी काय करते? मावशीनं ग्लास उजेडात धरला. गोल फिरवला. वास घेतला. दोन क्षण दूर टेकडीकडे बघितलं. आणि सगळीच्या सगळी वाईन बादलीत ओतून दिली.

मला वाटलं, संपलं, आता घरी पाठवतात.

"बघितलंत?" जीना दबक्या आवाजात इतरांना म्हणाली. "खरे जाणकार असंच करतात. ते पीत नाहीत."

संध्याकाळपर्यंत सातही जण वास घेऊन, टेकडीकडे बघून, बादलीत ओतायला लागले होते. पाचव्या शीलाचा इतका झपाट्यानं प्रसार मी आजवर कुठे बघितला नव्हता. काकांना फोन करून कळवावंसं वाटत होतं. सुहासकाकांनी मात्र आपला ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला. "आपण काही जाणकार नाही हो," ते म्हणाले. चार दिवसांत त्यांचं मला शंभर टक्के पटलेलं हे एकच विधान.

दुसरा दिवस: मान आणि कंबर

निसर्ग सुंदर होता. हे मी नाइलाजानं लिहिते आहे, कारण सुंदर निसर्गाचा कुणी ना कुणी मालक असतो आणि तो प्रवेश फी घेतो. सकाळी दरीत धुकं भरलेलं, इतकं दाट की पुढच्या माणसाची फक्त पाठपिशवी दिसायची. नऊ-साडेनऊला ते उचललं जायचं आणि खालून पिवळं, वाळलेलं गवत, मध्येच काळसर ओक आणि उतारावर कंगव्यानं विंचरल्यासारख्या वेलींच्या ओळी वर यायच्या. सप्टेंबर होता, तोडणीचे दिवस. हवेत गोड, आंबूस वास. रानटी टर्की पक्ष्यांची एक पलटण रस्ता ओलांडत होती आणि अकरा माणसं व एक गाईड त्यांच्यासाठी अदबीनं थांबली होती. सिग्नलला माणूस रस्ता ओलांडत असला की हीच माणसं हॉर्न वाजवतात.

मावशी मात्र वेली वाचत चालली होती.

"इथे कंबरेएवढीच वाढू देतात गं. आपल्याकडे डोक्यावर मांडव. दिवसभर मान वर करून, जादा मणी काढून घड विरळायचे, रात्री उशीवर डोकं टेकवता यायचं नाही. इथे वाकायचं. तिकडे मान जाते, इकडे कंबर."

"आणि मालकाचं काय जातं?"

"मालकाचं कुठे काय जातं?" मावशी म्हणाली आणि लगेच ओठ चावून हसली. "म्हणजे, आमचं."

जीना मागून आली. मावशीनं तिला सांगितलं की इथे वर्षातून एकदा छाटणी, आमच्याकडे दोनदा, एप्रिलमध्ये आणि मग ऑक्टोबरमध्ये. जीनानं ते छोट्या वहीत लिहून घेतलं. पुढच्या थांब्यावर तिनं ते सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा मावशीच्या नावामागे 'एक्स्पर्ट' लागलं होतं. खरं सांगते, मला राग यायला हवा होता. पण मावशी ज्या ऐटीत मान तिरकी करून ऐकत होती, ते बघून मला तो पुढे ढकलावा लागला.

दुपारी पिकनिक. गवतावर लिननचं पांढरं टेबलक्लॉथ, त्यावर चीज, सलामी, जाड्या पावाचे तुकडे. वरच्या उतारावर भर उन्हात माणसं तोडणी करत होती आणि आम्ही खाली त्यांच्याकडे तोंड करून जेवायला बसलो होतो, नाटकाला बसावं तसे. मी निषेध म्हणून उठले आणि पलीकडच्या झुडपात, जमिनीवर, एकटी जाऊन बसले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी दोन्ही हातांवर आणि मानेवर पुरळ उठलं, आग व्हायला लागली. ते झुडूप पॉयझन ओकचं होतं. तीन-तीन पानांचं, लालसर, दिसायला गोजिरवाणं.

"निषेध करताना निदान पानं तरी बघावीत," मावशी कॅलामाइन चोपडत म्हणाली. "बत्तीस वर्षं नोकरी केली, पण जिद्दीनं जाऊन पुरळ आणणारी पेशंट पहिल्यांदा बघितली."

रात्रीच्या जेवणाला पोलेंटा आला. खोलगट पांढऱ्या बशीत पिवळाधमक गोळा, वर मशरूमची दोन कापं आणि एक पान. वेटरनं त्याचा इतिहास सांगितला. मावशीनं चमचा तोंडात घातला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं, या तर मक्याच्या कण्या!"

"कण्या?" मेधाकाकू म्हणाल्या. "आमच्याकडे नाही बाई कधी केल्या. कुणी आजारी असलं तर, फार तर."

"आमच्याकडे रोज असायच्या."

"तेच तर! जुन्या बागाईतदारांचं राहणं साधंच असतं. उगाच बडेजाव नाही."

मी पोलेंट्यात तोंड खुपसलं. ज्या कण्या खाल्ल्या म्हणून आमच्या वस्तीला नावं ठेवली जात, त्या खाल्ल्या म्हणून आमची मावशी आता खानदानी ठरत होती. मीठ कमी होतं, हेही नोंदवते.

तिसरा दिवस: हौशी मजूर

सहलीचं मुख्य आकर्षण म्हणजे तोडणीचा अनुभव. खरे मजूर पहाटेच काम उरकून दुसऱ्या उतारावर गेले होते. आमच्यासाठी तीन ओळी मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. प्रत्येकाला ॲप्रन, गवती टोपी, आणि विम्याच्या अटींमुळे बोथट टोकाची कात्री. ज्या कामातून सुटण्यासाठी मावशीनं रात्रशाळा केली, नर्सिंग केलं, समुद्र ओलांडला, ते काम करायला ही माणसं रजा टाकून आली होती. दहा मिनिटं तोडायचं, मग फोटो. मग पुन्हा पाच मिनिटं तोडायचं, कारण पहिल्या फोटोत टोपी वाकडी आली.

दाखवायला मळ्याचा मुकादम होता, रामोन. साठीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. त्यानं वाकडा चाकू काढला, घड मुठीत धरला, कापला, खाली क्रेटमध्ये टाकला. एका श्वासात तीन घड. "असं. पटपट. विचार नाही करायचा."

मावशीनं कात्री हातात घेतली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला हे काम करताना बघितलं नव्हतं. डावा हात घडाच्या खाली गेला पण मण्यांना लागला नाही. देठ दोन बोटांत. एक काप. घड फिरवला, चिरलेले दोन मणी कात्रीच्या टोकानं टिपून काढले, आणि क्रेटमध्ये असा ठेवला जसं झोपलेलं मूल ठेवतात. दुसरा त्याच्या शेजारी, देठ वर. तिसरा. ती बघतही नव्हती. हात आपोआप चालले होते आणि ती समोरच्या टेकडीशी काहीतरी पुटपुटत होती.

रामोन हसत हसत आला. इंग्रजी त्याचं तोडकं, मावशीचं निफाड-मार्गे-फ्रीमाँट, दोघांना एकमेकांचं नीट कळत होतं.

"नाही, नाही, सेन्योरा. इतकं जपायचं नाही. हे दुकानात नाही जाणार. हे चिरडायचंय."

"हो, हो," मावशी ओशाळून म्हणाली. "सवय."

रामोननं क्रेटमध्ये बघितलं. देठ वर करून लावलेले घड बघितले. मग बराच वेळ तिच्या हातांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. खूप वर्षांनी गाववाला भेटल्यावर खुलतो तसा.

"खायची द्राक्षं! मी डेलानोला होतो, बारा वर्षं. तिथे असंच. मण्याला बोट लावायचं नाही." त्यानं आवाज चढवून, कौतुकानं विचारलं, "तुम्ही किती वर्षं तोडलीत?"

आजूबाजूच्या कात्र्या थांबल्या. पलीकडच्या ओळीतून जीना खळखळून हसली.

"रामोन! मिसेस जाधव मालक आहेत! इंडियात त्यांच्या फॅमिलीच्या बागा आहेत!"

मेधाकाकूही हसल्या. "बघा, याला वाटलं तुम्ही कामाला होतात!"

रामोनचा चेहरा विझला. त्यानं टोपी काढली. खरंच काढली, छातीशी धरली. "सॉरी, सेन्योरा. माफ करा. माझी चूक झाली."

म्हणजे एका मजुरानं, समोरच्या बाईला मजूर समजल्याबद्दल, त्या बाईची माफी मागितली. आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. शिष्टाचार होता तो.

आता इथे मी काय केलं? मी, जिनं कामाची लाज या विषयावर दोन भाषांत पत्रकं काढलीत, कॉर्पोरेट ऑफिसच्या दारात उन्हात उभं राहून वाटलीत, सिक्युरिटीशी भांडणं केलीत? मी गप्प बसले. शब्द दिला होता. मावशीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि रामोनला मानेनं 'असू दे' केलं. मालक करतात तसं.

त्या दुपारी सात मैल चालायचं होतं. मावशी एकाही वेलीकडे न बघता चालली. खोलीवर आल्यावर बूट न काढता पलंगावर बसली.

"तू का नाही बोललीस?" तिनं मला विचारलं.

"मी? तूच शब्द घेतला होतास!"

"तू माझं आजपर्यंत कधी ऐकलंयस का? लग्नाचं ऐकलंस? गाडी हळू चालवायचं ऐकलंस? नेमकं आजच ऐकायचं होतं?"

मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला बसले.

"त्यानं टोपी काढली गं," ती म्हणाली. "माझा बाप काढायचा तशी. मी तिकडे उभी होते, दुसऱ्या बाजूला. आणि मी मान हलवली."

"मी सकाळी जीनाशी बोलते. एक निवेदनच लिहून देते, की..."

"निवेदन राहू दे तुझं. तुला बोलायचं होतं तेव्हा बोलली नाहीस. आता माझं मी बघते. उद्या तू परत गप्प बसायचं, कळलं? या वेळी खरंच."

चौथा दिवस: लांब टेबल

निरोपाचं जेवण दुपारी, व्हॅननं परत कालच्याच मळ्यात आणून, बागेच्या मधोमध. दोन ओळींच्या मध्ये लांबच लांब टेबल, पांढरं कापड, मळ्याचा मालक स्वतः काउबॉय बूट घालून यजमान. आजोबांनी लावलेल्या वेलींबद्दल तो इतक्या मायेनं बोलला की आजोबांनी एकट्यानंच सगळे खड्डे खणले असावेत असं वाटलं. मावशीला त्याच्या उजव्या हाताला बसवलं होतं. समोर मेधाकाकू.

सूप आलं, गेलं. काकूंनी चार दिवस राखून ठेवलेला प्रश्न काढला.

"शकुताई, विचारू का? किती एकर हो तुमची बाग?"

मावशीनं पाव खाली ठेवला.

"एकर नाही मोजले कधी. आम्ही ओळी मोजायचो. दिवसाला चार ओळी."

"म्हणजे... देखरेखीला?"

"नाही, विरळायला. स्टुलावर उभं राहून, एकेक घड. मजुरीनं होते मी, मेधाताई. माझी आई, मी आणि हिची आई. बाग मालकाची."

"पण तुम्ही तर जाधव ना?"

"हो, जाधवच. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, तिथे निम्मे जाधवच आहेत. विहाराला लागून घर. कधी नाशिकला आलात तर या."

काकूंच्या डोक्यातलं आडनाव उलगडून पुन्हा दुसऱ्या घडीत बसताना मला स्पष्ट दिसलं. मग त्या म्हणाल्या, अगदी मनापासून, प्रेमानं म्हणाल्या:

"अय्या, पण तुम्ही अजिबात वाटत नाही हो तशा!"

या वाक्यावर माझं एक अख्खं पत्रक आहे, दोन्ही बाजूंनी छापलेलं. मला ते पाठ आहे. मी श्वास घेतला. मग आदल्या रात्रीची ताकीद आठवली आणि तो श्वास सोडून दिला. या वेळी खरंच.

"मग कशी वाटायला हवी होते?" मावशीनं विचारलं. रागानं नाही. पेशंटला 'नक्की कुठे दुखतंय' असं विचारतात तसं.

काकू ताटात बघायला लागल्या. सुहासकाकांनी पावाची टोपली उचलून मावशीच्या पुढे ठेवली. ती आधीच तिच्या पुढे होती. त्यांनी ती आणखी दोन इंच सरकवली. मराठी मध्यमवर्गाच्या वतीनं याहून मोठी कृती मी अजून बघितलेली नाही.

एवढ्यात मालकानं ग्लासावर चमचा वाजवला. आपल्यात भारतातल्या एक बागमालक आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मावशी उभी राहिली. तिचं भाषण मी इथे पूर्ण देऊ शकते, कारण ते इतकंच होतं:

"मी मालक नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून द्राक्षं विरळली आणि तोडली, दुसऱ्याच्या बागेत. काल रामोननं मला बरोबर ओळखलं. तुम्ही सगळे त्याला हसलात आणि मी गप्प बसले. ती चूक माझी होती. जेवण छान आहे."

ती बसली. मला वाटलं, आता तरी शांतता. लाज. आत्मपरीक्षण. कसलं काय! टाळ्यांचा कडकडाट. सातही जण उभे राहिले. 'इन्स्पायरिंग' हा शब्द मी नऊ वेळा मोजला. जीना रडली आणि पणजीबद्दल काहीतरी म्हणाली. मालक मावशीचा हात हातात घेऊन विचारत होता की ही स्टोरी वेबसाइटवर टाकली तर चालेल का. चार मिनिटांत आमच्या घराण्याची सात वर्षं मार्केटिंग खात्यात जमा. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात आम्ही टर्की पक्ष्यांच्या शेजारी छापलो जाऊ.

"वेबसाइट नको," मावशी म्हणाली. "रामोन कुठे आहे?"

"बोलावू का? फोटो काढायचाय?"

"नको, तो कामावर आहे. मी जाते."

ती उठली तेव्हा मासा येत होता. मी मागे गेले. म्हटलं, दुभाषी लागेल. माझं स्पॅनिश मोर्चांत शिकलेलं आहे, म्हणजे मला फक्त मागण्या करता येतात.

शेडमागे रामोन रबरी नळीनं क्रेट धूत होता. मावशीला बघून त्यानं नळी बंद केली आणि हात टोपीकडे गेला.

"टोपी राहू दे," मावशी म्हणाली. हा वॉर्डातला आवाज होता, त्याला कुणी नाही म्हणत नाही. त्याचा हात खाली आला. "काल तुम्ही मला विचारलंत. मी उत्तर दिलं नाही. सात वर्षं."

रामोननं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यानं ओले हात पँटला पुसले.

"सात?" त्याच्या कपाळाला आठी पडली. मावशीच्या हातांवर त्यानं पुन्हा एकदा नजर टाकली, आदल्या दिवशीसारखीच, कारागिरानं कारागिराचं काम बघावं तशी. "खरंच सातच? मला दहा वाटली."

मग दोघं बोलत बसले, उलट्या क्रेटवर. मानेचं दुखणं, कंबरेचं दुखणं, कुठल्या औषधाच्या फवाऱ्यानं कुणाचे डोळे गेले. मी एका शब्दानंही लुडबुड केली नाही. टेबलावर आमचा मासा थंड झाला आणि कुणीतरी नेला.

निघताना मेधाकाकूंनी व्हॅनच्या खिडकीतून हात हलवला. "फोटो पाठवते हं व्हॉट्सॲपवर!" अजून आलेले नाहीत. सुहासकाका उतरून आले, मावशीला नमस्कार केला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि हवा फार छान आहे असं म्हणाले.

परतीच्या वाटेवर एकशेएक नंबरच्या फ्रीवेवर ट्रॅफिक जाम. माझ्या हातांना खाज सुटलेली. मी विचारलं, "मग? कसं होतं मालकीण असणं?"

"कंटाळवाणं गं. नुसतं बसायचं आणि मान हलवायची. कुणी काही कामाचं विचारतच नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. गाडी दहा फूट सरकली आणि पुन्हा थांबली.

"दहा म्हणाला," ती म्हणाली. "ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"बारा वर्षं केलेला माणूस आहे तो. उगाच नाही म्हणायचा." तिनं हात मांडीवर पालथे ठेवले, मग उताणे केले, मग पुन्हा पालथे. "दहा."